पांढरे मोजे आणि चार मांजरं

फोल्डिंग खात्यात मी दहा पावलं चाललो, थांबलो आणि खाली पाहिलं. सकाळी घरून निघताना घातलेले पांढरेशुभ्र मोजे आता तीळ लावल्यासारखे दिसत होते. तीळ हलत होते. उजव्या पायावर एकोणीस मोजले आणि मग थांबलो, कारण विसावी पिसू मोज्याची हद्द ओलांडून पँटच्या आत गेली होती.

"किती?" वर्क्स मॅनेजर सबनीसांनी दारातूनच विचारलं. ते आत आले नव्हते.

"पुरेशा आहेत," मी म्हणालो.

पांढरे मोजे ही पिसवा मोजण्याची आमची साधी पद्धत. पिसू अंगाने उभी चपटी, रंगाने गडद आणि उडीत पटाईत. जमिनीवर ती शोधून सापडत नाही. माणूस चालला की त्याच्या पायाची ऊब आणि हादरा तिला कळतो आणि ती घोट्यावर उडी घेते. पांढऱ्या मोज्यावर ती दिसते, एवढंच त्यातलं शास्त्र. त्यानंतर दोन दिवस आपण खाजवत बसतो, तो शास्त्राचा खर्च.

मी सरकारी पशुवैद्य. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पालघरच्या दवाखान्यात होतो. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव होतं. म्हशी, बैल, शेळ्या, कोंबड्या हे माझे रुग्ण. अकरा वर्षांच्या नोकरीत कुणी मांजर घेऊन दवाखान्यात आलेलं मला आठवत नाही. त्यामुळे बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कापडाच्या कारखान्याचं पत्र आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. विषय होता: 'मार्जारजन्य कीटकांचा उपद्रव'. सबनीसांचं मराठी असंच होतं. ते साधं जेवायला गेले तरी भोजनार्थ प्रस्थान करत.

प्रकार असा होता. कारखान्यात सुताला खळ लावतात. ती स्टार्चची, म्हणजे उंदरांच्या दृष्टीने पंगतच. खळीच्या पोत्यांचं गोदाम फोल्डिंग खात्याच्या, म्हणजे कापड तपासून घड्या घालतात त्या शेडच्या, मागे, मध्ये एक दरवाजा. उंदीर होते म्हणून मांजरं आली. नऊ होती. कुणाची पाळलेली नव्हती, कुणाला हात लावू देत नव्हती. माणूस दिसला की पोत्यांच्या मागे गडप. उंदीर आटोक्यात होते, सगळं ठीक चाललं होतं.

दिवाळीत कारखाना आठ-दहा दिवस बंद असतो. लाभपंचमीला शेठ येतात, पूजा होते आणि मुहूर्तावर माग सुरू होतात. त्या वर्षी सबनीसांनी ठरवलं की शेठ येण्याआधी कारखाना 'मार्जारमुक्त' करायचा. दिवाळीच्या आदल्या दिवशी चार हमालांनी कशीबशी पाच मांजरं पोत्यांत कोंबली आणि टेंपोने वाणगावच्या पलीकडे नेऊन सोडली. उरलेली चार हाती लागली नाहीत. खात्याला कुलूप लागलं.

लाभपंचमीला काय झालं ते मला फोल्डिंगच्या बायकांनी सांगितलं. एकीने सुरुवात केली की दुसरी पूर्ण करत होती. शेठ पांढरं धोतर नेसून फोल्डिंग खात्यात मांडलेल्या पाटावर बसले. भटजींनी मंत्र सुरू केले. बाजूच्या शेडमध्ये शंभर माग एकदम सुरू झाले आणि जमीन थरथरली. पाच मिनिटांत भटजींचा एक हात मंत्रात आणि एक पायावर. दहा मिनिटांत शेठ पाटावरून उठले. त्यांचं धोतर पाहून कुणीतरी म्हणालं, कुंकू सांडलं का? कुंकू उड्या मारत नाही.

मी सबनीसांना त्यामागचं कारण सांगितलं. पिसूची अंडी मांजराच्या अंगावर चिकटून राहत नाहीत, ती मांजर जिथे झोपतं तिथे घरंगळतात. त्यातून अळी निघते, ती धुळीत आणि सुताच्या तुसात वाढते, मग स्वतःभोवती कोश विणते. कोशातली पिसू तयार झाली तरी लगेच बाहेर येत नाही. वाट बघते. ऊब आणि हादरा मिळाला, म्हणजे जवळ कुणीतरी रक्ताचं आलं, की बाहेर. तुम्ही मांजरं काढलीत, दहा दिवस खातं बंद ठेवलंत, सगळ्या पिसवा कोशात उपाशी तयार बसल्या. मग शंभर माग सुरू केलेत.

"म्हणजे मुहूर्त त्यांनाही लागला," मी म्हणालो.

सबनीस हसले नाहीत. एक बूट दुसऱ्या पोटरीवर घासत म्हणाले, "मला कारण नको, डॉक्टर. उपाय हवा. जबाबदार कोण ते मी आधीच शोधलंय."

जबाबदार होत्या पारूबाई.

पारूबाई किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या. माहेर एडवण. नवरा मच्छीमार होता, होडीवरून पडून पाय अधू झाल्यापासून घरीच जाळी विणायचा. त्या सात वर्षं कारखान्यात बदलीवर होत्या, म्हणजे रोज दारात उभं राहायचं आणि कुणी गैरहजर असेल तर आत जायचं. जानेवारीत कायम होणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं होतं. आणि लाभपंचमीनंतर तिसऱ्या दिवशी त्यांना मेमो मिळाला होता: आपण कारखान्याच्या आवारात भटक्या मांजरांस अन्न पुरवून कीटकांच्या प्रादुर्भावास कारणीभूत ठरलात, तरी आपले नाव यादीतून का वगळू नये याचा खुलासा करावा. निर्णय डिसेंबरच्या तीस तारखेला.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या तपासणीच्या टेबलापाशी उभ्या होत्या. कापड डोळ्यांनी तपासत होत्या आणि एक पाय दुसऱ्यावर घासत होत्या. सगळ्याच बायका तसं करत होत्या. पूर्ण खातं एका पायावर उभं होतं.

"तुमी मांजरांचे डाक्टर?" त्यांनी विचारलं.

"म्हशींचा. पण मांजरंही चालतील."

"मारायला आलात का?"

"पिसवा मारायला."

"मंग ठीक हाय. मांजरांनी काय वाईट नाय केलं. मी डब्यातली बोंबलाची डोकी टाकायची, ती काय कारखान्याची होती? माज्या घरची होती."

डीडीटी मारा, असं सबनीसांचं म्हणणं होतं. ते आमच्याकडे पोत्याने मिळायचं. मी नको म्हटलं. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं. अंगावर पडलेलं सगळं त्याच्या पोटात जातं. डीडीटीने पिसवा मरतील आणि मांजरंही. मग उंदीर येतील, आणि उंदरांवरही पिसवा असतात. "त्या पिसवा जास्त वाईट," मी म्हणालो. प्लेगचं नाव मी घेतलं नाही. सबनीसांनी ते स्वतःच घेतलं आणि डीडीटी मागे पडलं.

दुसरा मार्ग म्हणजे मांजरं पकडून प्रत्येकाला औषध लावायचं. हा माझा निर्णय आणि माझीच चूक. माझा ड्रेसर म्हात्रे. ड्रेसर म्हणजे आमच्याकडचा मदतनीस, जनावर धरणारा. म्हात्र्याने वीस वर्षं बैल पाडले होते. तो म्हणाला, "साहेब, मांजर ते काय!" आम्ही पिंजरा लावला, आत मासळी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत एक बोका होता. पारूबाई त्याला तांडेल म्हणायच्या. होडीवरच्या प्रमुखाला त्यांच्याकडे तांडेल म्हणतात. म्हात्र्याने जाड हातमोजे घालून पिंजऱ्यात हात घातला. पुढचं नीट आठवत नाही, कारण ते फार लवकर झालं. बोका छपरावर होता, हातमोजा जमिनीवर होता आणि म्हात्रे खाली बसला होता. मनगटावर चार दात. त्या काळात चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं. म्हात्र्याने ती मुकाट घेतली आणि परत आल्यावर मला एवढंच म्हणाला, "साहेब, यापुढे बैल."

घरीही सगळं बरं नव्हतं. बायकोने दारातच एक बादली ठेवली होती. मी अंगणात कपडे काढून त्यात टाकल्याशिवाय घरात प्रवेश नव्हता. शेजारी सहकारी बँकेचे कॅशियर राहायचे. ते रोज त्या वेळेला पेपर वाचत बाहेर बसायला लागले. झोपेत मी पाय घासायचो. बायको म्हणायची, "तुझ्या अंगावर नाहीयेत त्या. डोक्यात गेल्यात."

खरंच गेल्या होत्या. पंधरा दिवस झाले होते आणि माझ्याकडे उपाय नव्हता. हात लावू न देणाऱ्या जनावराला औषध कसं लावायचं, हे आमच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पुस्तकात प्रत्येक वाक्याची सुरुवात 'जनावर बांधून घ्यावे' अशी होती.

मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी गोदामाच्या दारात बसलो होतो. पारूबाई डबा घेऊन आल्या. मेमो मिळाला म्हणून त्यांनी मांजरांना घालणं थांबवलं नव्हतं, फक्त आता त्या इकडेतिकडे पाहून घालत. खळीची पोती जमिनीची ओल लागू नये म्हणून लाकडी फळ्यांवर रचलेली असतात. त्या फळ्यांच्या मागे कोपऱ्यात एक जुनं गोणपाट होतं. त्यावर त्यांनी बोंबलाची डोकी टाकली.

"हे पोतं कुणाचं?"

"माजं. बोंबील सुकवून ठेवायचं पोतं. वास जात नाय म्हणून हितं टाकलं. त्याच्यावर लोळतात. रात्री त्याच्यावरच झोपतात. पहिलं मी कोरं पोतं ठेवलेलं, शिवली पण नाय."

मी पोतं हळूच उचललं आणि उन्हात नेऊन कागदावर झटकलं. मिठाच्या कणांसारखी पांढरी अंडी आणि काळी रवाळ घाण पडली. घाणीवर पाण्याचा थेंब टाकला. तांबडा झाला. ते पिसवांनी प्यालेलं, पचवून टाकलेलं रक्त.

पंधरा दिवस मी मांजराच्या मागे होतो. मांजराचं अंथरूण माझ्यासमोर होतं.

"मावशी, अशी पोती अजून आहेत का तुमच्याकडे?"

"बोंबील सुकवणाऱ्याच्या घरी पोत्यांना काय तोटा? पण ती दुकानात नाय भेटायची. वर्षाची मुरलेली पायजेत."

दोन दिवसांनी त्यांनी दहा पोती आणली. त्या दिवशी त्यांच्या एसटीत म्हणे पुढच्या चार रांगा रिकाम्या होत्या. आम्ही दोन-दोन पोती एकावर एक शिवली आणि मध्ये पायरेथ्रमची पावडर भरली. हे औषध शेवंतीच्या जातीच्या एका फुलापासून काढतात, मांजराला त्यातल्या त्यात सोसतं. मांजर लोळलं की गोणपाटाच्या विणीतून थोडी थोडी पावडर त्याच्या अंगाला लागते. फार नाही, पण पिसू गांगरून खाली उतरते आणि पोत्यातच मरते. अंडी पडतात तीही पोत्यातच. दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी मांजरं बाहेर गेली की पोती उचलायची, खळ शिजवायच्या बॉयलरच्या वाफेवर धरायची, उन्हात वाळवायची, त्यांच्या जागी दुसरी टाकायची. पोत्यांचं सगळं पारूबाईंकडे. कारण कोणतं मांजर कुठे झोपतं हे फक्त त्यांना ठाऊक होतं.

फोल्डिंगमध्ये टेबलांखालचं सुताचं तूस रोज झाडून जाळायचं, हे मी बायकांना सांगितलं. सबनीसांना सांगितलं तेव्हा त्यांनी त्याला 'फेज वन' नाव दिलं आणि नोटीस बोर्डावर लावलं. खाली स्वतःची सही केली.

आठवड्याने मी मोजे घालून चाललो. बारा. त्यापुढच्या आठवड्यात पाच. बायका दोन्ही पायांवर उभ्या राहायला लागल्या. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. उरलेल्या चारपैकी तांडेल, काळी आणि तिचं मोठं पिल्लू अशी तीनच पोत्यांवर झोपायची. पोत्यांवरच्या केसांवरून ते कळत होतं. चौथी कबरी. ती डोकी खायला यायची, पण तिचे पांढरे-तांबडे केस एकाही पोत्यावर नव्हते. मी तशी नोंद केली आणि विसरलो. कमी होणारे आकडे माणसाला आळशी करतात.

वीस डिसेंबरला खळीचा ट्रक आला. हमाल गोदामात शिरले, फळ्यांवर नाचत पोती रचली आणि अर्ध्या तासात बाहेर येऊन लुंग्या झटकायला लागले. "साब, अंदर तो आग लगी है!" एक जण ओरडत होता. मी मोजे घालून आत गेलो. एकतीस.

सबनीसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कारखान्यातली ती एकमेव खोली जिथे जमिनीवर गालिचा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मऊ, मरून रंगाचा. ते खुर्चीत बसले होते आणि टेबलाखाली त्यांचे बूट एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता.

"फेज वन अयशस्वी," ते म्हणाले. "तीस तारखेला मी निर्णय घेणार. बाईचं नाव जाईल, मांजरंही जातील. मुंबईहून माणूस बोलावलाय, मासळीत विष घालून ठेवेल."

"दहा दिवस आहेत अजून."

"दहा दिवसांत काय करणार तुम्ही?"

मला ते तेव्हा नक्की माहीत नव्हतं. पण पायऱ्या उतरताना कळलं. पावडर आणि वाफ पोत्यापर्यंत पोचत होती. फळ्यांच्या फटींत जे कोश आधीचे होते, त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. कोशाच्या चिकट रेशमाला धूळ बसते, त्यातून औषध आत जात नाही. फोल्डिंगमधले कोश मागांच्या हादऱ्याने केव्हाच फुटून संपले होते. गोदामात माग नव्हते. तिथे आत कुणी चालतही नव्हतं. हमाल नाचले, तेव्हा त्यांना जाग आली. म्हणजे उरलेल्यांनाही जाग आणायची, पण आपल्या वेळेला आणि आपल्या तयारीने. हादरा हवा. गोदामात यंत्र नव्हतं. पाय हवे होते.

हे मी जेवणाच्या सुट्टीत बायकांना सांगितलं. एकजण म्हणाली, "म्हंजे आमी आत जाऊन नाचायचं? पिसवांत?"

"पायांना कापड गुंडाळून. पावडर लावून."

"आणि चावल्या तर?"

"थोड्या चावतील."

पारूबाई डबा बंद करत होत्या. त्यांच्यासाठी हे चाललंय, हे सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यांनी तोंडातून शब्द काढला असता तर ती भीक झाली असती. मग ती पहिली बाईच म्हणाली, "शुक्रवारी सुट्टी हाय. घरी काय, धुणीच धुवायची ना. गौरीत रातभर नाचतो, हितं तासभर नाचू."

बोईसरच्या वसाहतीत सुट्टी शुक्रवारी असते. त्या शुक्रवारी सकाळी नऊला चौदा बायका गेटवर हजर होत्या. वॉचमनने विचारलं काय काम, तर एकीने सांगितलं, "फेज टू." त्याने सोडलं. नोटीस बोर्डाचा हा एकच उपयोग मी कधी पाहिला.

रद्दी कापडाच्या पांढऱ्या पट्ट्या होत्या. त्या त्यांनी पावलांपासून गुडघ्यापर्यंत गुंडाळल्या, काष्टे वर खोवले. मी वरून पावडर टाकली. पोती अलीकडे सरकवून फळ्या मोकळ्या केल्या होत्या. त्या आत गेल्या, हातात हात धरले आणि गाणं सुरू झालं. पहिल्या ठेक्याला फळ्या अशा वाजल्या की छपरावरून तीन मांजरं उठून पलीकडच्या झाडावर गेली. चौदा बायकांच्या टाचा, खाली पोकळ फळ्या. मी दारात उभा होतो आणि माझे पाय आपोआप हलत होते. ते गाण्याने की पिसवांनी, हे सांगता येणार नाही.

दर दहा मिनिटांनी त्या बाहेर यायच्या. पट्ट्या सोडून दारातल्या पिंपात टाकायच्या. पिंपात सोड्याचं उकळतं पाणी होतं. नव्या पट्ट्या बांधायच्या, पुन्हा आत. पहिल्या खेपेच्या पट्ट्या करड्या दिसत होत्या. "अगं माय, बघ, भरतकाम!" कुणीतरी ओरडलं. पाचव्या खेपेला पट्ट्या पांढऱ्या राहिल्या. तरी त्या थांबल्या नाहीत. सहावी खेप झाली, सातवी झाली. मी म्हटलं, "पुरे आता, संपलं काम." पारूबाई घामाने निथळत होत्या. म्हणाल्या, "काम संपलं असंल. गाणं नाय संपलं."

मग आम्ही फळ्या उचलल्या, खालचा सगळा केर जाळला. सोमवारी मी चाललो. दोन. बुधवारी, शून्य.

तीस तारीख. सबनीसांनी स्वतः तपासणी करायचं ठरवलं होतं. त्यांनी कोरे पांढरे मोजे मागवले, ते केबिनमध्ये सर्वांसमक्ष घातले आणि पर्सोनेल ऑफिसरला हातात वही देऊन मागे चालायला सांगितलं. मी केबिनच्या दाराबाहेरून त्यांच्या बाजूने चाललो, माझ्याही पायात पांढरे मोजे. बूट दोघांनीही काढलेले. जिना, फोल्डिंग खातं, गोदाम. गोदामात त्यांनी फळ्यांवर मुद्दाम दोन-तीनदा पाय आपटले. मग आम्ही उजेडात आलो. सगळं खातं काम सोडून पाहत होतं.

माझ्या मोज्यांवर काही नव्हतं.

सबनीसांच्या मोज्यांवर सात होत्या.

"लिहा," ते पर्सोनेल ऑफिसरला म्हणाले. "सात. फेज टू अयशस्वी."

मी विचार करत होतो. दोघं एकाच वाटेने, खांद्याला खांदा लावून गेलो. फरक कुठे होता?

पारूबाई टेबलापाशी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरलेला नव्हता. उलट, कापडातला दोष सापडल्यावर दिसायच्या तशा दिसत होत्या. त्या म्हणाल्या, "साहेब, डाक्टरांनी मोजे कुठं घातले?"

"घरी," मी म्हणालो.

"आणि तुमी?"

सबनीस म्हणाले, "केबिनमध्ये. सर्वांसमक्ष."

"मंग कबरी तिथंच झोपते अजून."

सबनीसांनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं.

"ती पोत्यावर नाय झोपत," पारूबाई शांतपणे म्हणाल्या. "तिला नरम लागतं. साहेबांच्या केबिनची मागची खिडकी रात्री उघडी असते. टेबलाखाली, गालिच्यावर, पाय ठेवायच्या जागेवर. दिवाळीच्या आधीपासून."

मला सबनीसांच्या बुटांचा तो आवाज आठवला. सहा आठवडे तो ऐकत होतो, आणि मला वाटत होतं साहेब अधीर आहेत.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" सबनीस जवळजवळ कुजबुजले.

"मेमोत विचारलं होतं मांजरांना खायला कोण घालतं. ते मी लिवून दिलं. झोपतात कुठं, ते नाय विचारलं."

मागे कुणीतरी हसू दाबलं, ते दुसरीकडून फुटलं. पर्सोनेल ऑफिसर वहीत काहीतरी खोडत होते.

आम्ही केबिनमध्ये गेलो. मी टेबल सरकवून गालिच्याचा कोपरा उचलला. खाली पांढरे मिठासारखे कण आणि काळी रवाळ घाण, आणि वर मऊ मरून धाग्यांत पांढरे-तांबडे केस. कारखान्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सुखवस्तू वसाहत तीच होती.

सबनीस खुर्चीत बसायला गेले आणि बसले नाहीत.

"डॉक्टर, तुमचा अहवाल," ते म्हणाले. "तो हेड ऑफिसला जाणार आहे. शेठ वाचतात."

"हो. प्रादुर्भावाची ठिकाणं क्रमाने लिहावी लागतात. नमुना ठरलेला आहे."

"केबिन लिहिणं आवश्यक आहे का?"

"ठिकाण आहे."

ते खिडकीतून बाहेर पाहत राहिले. बाहेर पत्र्यावर कबरी पाय वर करून स्वतःला चाटत होती.

"आणि कारण?" मी विचारलं. "नमुन्यात त्याखाली कारणाचा रकाना आहे. तिथे काय लिहू? पारूबाईंनी मांजरं आणली, असं लिहिलं तर पुढचा प्रश्न येणार, केबिनमध्येही त्यांनीच नेलं का. खिडकी कोण उघडी ठेवतं, असंही विचारतील. मला उत्तर द्यावं लागेल."

सबनीसांनी ड्रॉवर उघडला, मेमोची प्रत काढली, त्यावर तिरकं काहीतरी लिहिलं आणि सही केली. मी वाचलं नाही. पर्सोनेल ऑफिसरने मला नंतर सांगितलं: 'खुलासा समाधानकारक. फाईल करावे.'

माझ्या अहवालात मी ठिकाणं अशी लिहिली: फोल्डिंग विभाग, गोदाम व कार्यालयीन इमारत. कार्यालयीन इमारतीत केबिन येते. यात खोटं काहीही नाही. कारणाच्या रकान्यात लिहिलं: दीर्घ सुट्टी.

पुढच्या शुक्रवारी गालिचा पत्र्यावर उन्हात पडला होता. केबिनच्या टेबलाखाली आता एक मुरलेलं बोंबलाचं पोतं आहे, असं मला बायकांनी सांगितलं. साहेबांनी नाकाला रुमाल लावून मंजुरी दिली होती, कारण खिडकी बंद केली तर कबरी व्हरांड्यात येऊन ओरडायची.

पारूबाई जानेवारीत कायम झाल्या. त्या दिवशी त्या पालघरला आल्या आणि कागदात गुंडाळलेले बोंबील दवाखान्यात ठेवून गेल्या. म्हात्र्याने ते हुंगून पाहिलं आणि विचारलं, "मांजर तर नाही ना आत?"

त्या वर्षी हेड ऑफिसने सबनीसांना स्वच्छतेबद्दल ढाल दिली. समारंभाला मला बोलावलं होतं. ढाल स्वीकारताना त्यांनी 'त्रिस्तरीय उपाययोजना' असे शब्द वापरले. मी टाळ्या वाजवल्या. पांढरे मोजे घालूनच गेलो होतो. सवय झाली होती.

पिसवांबद्दल एवढंच सांगता येईल: ज्याला हात लावता येत नाही त्याच्या मागे धावू नये. ते झोपतं कुठे, हे ज्याला माहीत आहे त्याला विचारावं. आणि अशा माणसाला शक्यतो आधी मेमो देऊ नये.